सभामंडपातली माझी घंटा

३ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. सरपंचपदाला उभा राहतो. गेल्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला, खारं पाणी शेतात आलं, भात गेलं. पंचायतीत अर्ज देऊन चपला झिजल्या. आता अर्ज घेणारा मीच! पहिलं काम, दगडी बांध. मतं मोजली. एकशे चाळीस पक्की. पुतळी म्हणाली, एकशे एकोणचाळीस. बायकोला राजकारण कळत नाही.

९ फेब्रुवारी
देवळात गावकी बसली. नाथाकाका पंच म्हणाले, इलेक्शनने भांडणं होतात, बिनविरोधच करू. मी जोरात टाळ्या वाजवल्या. एकमताने म्हणजे मीच. मग काका म्हणाले, देवळाला जो जास्त देईल तो सरपंच. टाळ्या मध्येच थांबवणं बरं दिसेना.
विशालने अख्खा सभामंडप जाहीर केला, ग्रॅनाइट आणि फॅनसकट. कंपनीला माती आणि माणसं पुरवतो, त्याला काय! मी घंटा जाहीर केली. पितळी. कोणी हसलं नाही. खोकले मात्र बरेच जण.

१० फेब्रुवारी
डोकं फिरलंय. पैसेवालाच पुढारी, मग आम्ही जन्मभर चिखलच तुडवायचा? उद्या पेणला जाऊन फॉर्म भरणारच. गावकी गेली खड्ड्यात.

११ फेब्रुवारी
एसटी चुकली. पुढची होती, पण मूड गेला. तेवढ्यात विशालने गाडी थांबवली. त्याच्या फॉर्मवर सूचक म्हणून माझी सही हवी होती. म्हणाला, काळुरामभाऊ, गावात तुमच्यासारखी सही कोणाची नाय. खरंच आहे. एसीत बसून पेणला गेलो, सही केली. बांधाचंही बोललो. करू की, म्हणाला. सूचक म्हणजे किंगमेकरच.

२० एप्रिल
मंडप झाला. मी बोकड विकून घंटा आणली. बोकड गटारीसाठी ठेवलेला. पुतळी दोन दिवस बोलली नाही. घंटेवर माझं नाव आहे आणि आवाज थेट खाडीपर्यंत जातो. सरपंचांना बांधाची आठवण करून दिली. पावसाच्या आधी बघू, म्हणाले.

२४ जुलै, दुपारी
गटारी. अमावास्येचं उधाण. साडेबाराला बांध फुटला, त्याच जागी. पुतळी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडली, "अवो, घंटा वाजवा! मानसं बोलवा!"
धावलो. दहा माणसं, चिखल आणि पेंढा, एवढंच हवं होतं. फोन कोणी उचलेना, घरोघर मटण शिजत होतं. मंडपाला जाळीचं शटर, शटरला कुलूप. ग्रॅनाइटवर चिखलाचे पाय नकोत म्हणून. किल्ली सरपंचांकडे. सरपंच कोलाडला, कोणाच्या तरी फार्महाउसवर. त्यांनी मात्र फोन उचलला. म्हणाले, संध्याकाळी येतोच.
जाळीतून हात घातला. घंटेवरचं नाव वाचता येत होतं. हात पोचला नाही.

२७ जुलै
सगळी लावणी पिवळी पडली. रडू आलं. पण खचून चालणार नाही. पुढच्या वेळी घंटा नाही, देवळाला कुलूप द्यायचं. किल्ली आपल्याकडे राहील. पुतळीला प्लॅन सांगितला.
ती म्हणाली, आता इकायला बोकड नाय.