चोळीबांगडीचा दीड एकर

मी, मुक्ताबाई, कै. केरबा निकम यांची धाकटी पत्नी, वय अदमासे बासष्ट, राहणार उंब्रज, ता. कराड, जि. सातारा, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. गुडघे गेले, डोळे अधू झाले, डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करणाऱ्या एकच होत्या, माझी थोरली सवत येसूबाई. त्या गेल्या माघात वारल्या.

१. माझी म्हैस सून रंगूबाई हिला द्यावी. म्हैस आधी वैरण बघते, मगच पान्हा सोडते. सुनेने तिच्यावर ओरडू नये. माझे दोन सोन्याचे मणीही सुनेलाच. बाकी लुगडी नेसण्याजोगी उरलेली नाहीत.

२. येसूबाईंना मी आक्का म्हणत असे. त्यांना मूल होईना म्हणून त्यांनीच मला पसंत करून मालकांशी माझे लग्न लावले. मानसिंग झाला आणि बाराव्या दिवशी मी तो त्यांच्या ओटीत घातला. आक्का म्हणाल्या, "प्वार माजं, घर तुजं. ह्ये आता कुटं बोलायचं न्हाई." मी मान हलवली. पाटलाच्या जन्मनोंदीत आणि पुढे पलटणीच्या कागदांत आईचे नाव येसूबाई लागले. मानसिंग मला मावशी म्हणतो. गावाला सगळे ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

आक्का वाईट नव्हत्या. मालक गेल्यावर चौतीस वर्षे आम्ही दोघी एका ताटात जेवलो. मी तापाने तीन महिने अंथरुणावर होते, तेव्हा माझी वेणीफणीसुद्धा त्यांनी केली. त्या गेल्यापासून मला जेवण जात नाही. रागही जात नाही.

३. बोरगाव, ता. वाळवा, जि. सांगली येथील दीड एकर मळा माझ्या वडिलांनी चोळीबांगडीसाठी माझ्या नावे केला. त्यावर माझा भाचा जालिंदर याचा डोळा आहे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला आणि म्हणाला, "आत्ती, कागद बगा की. तुमाला लेकरूच न्हाई. आज्याचा मळा माघारी आमच्याकडंच येतोय." तिळगूळ मी म्हशीला घातला. जालिंदरला काही देऊ नये, तेराव्याचे जेवणसुद्धा नाही. बरे, जेवण द्यावे.

४. वकील म्हणाले, मानसिंगला 'सवतीचा मुलगा' लिहा, तरी मळा त्यालाच मिळेल आणि तंटाही होणार नाही. मी दोन आठवडी बाजार उलटेपर्यंत विचार केला.

एकाहत्तरच्या लढाईत मानसिंग जखमी झाला. पुण्याच्या लष्करी इस्पितळात जायला रेल्वेचा पास आला, तो आईच्या, म्हणजे आक्कांच्या नावाने. त्यांना उठवत नव्हते. म्हणाल्या, "माज्या नावानं तू जा." मी येसूबाई होऊन गेले. नर्सने विचारले, ही कोण? मानसिंग म्हणाला, "आई हाय माजी." पुढे आठ दिवस आई, पाणी दे, आई, उशी सरकव. बरा होऊन घरी आला, उंबऱ्यात आक्का बसल्या होत्या. त्यांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "मावशी, चा ठेव." मी ठेवला. चूल फुंकताना रडले, ते धुरावर खपले.

५. सबब लिहून ठेवते की, मानसिंग केरबा निकम हा माझ्या पोटचा मुलगा आहे व मुलगा म्हणूनच मळा त्याला देत आहे. आक्का, मी शब्द मोडला. चव्वेचाळीस वर्षे पाळला, आता थकले. जालिंदरला कोर्टात जायचे तर खुशाल जावे. जन्मनोंदीतले आक्कांचे नाव मात्र कोणी खोडू नये. त्यांनी त्याला वाढवले, ते खोटे नाही.

मानसिंगने हे वाचून मनाला लावून घेऊ नये. वाचशील तेव्हा मी नसेन, म्हणजे मला काय हाक मारायची हा पेच तुला पडणार नाही.

उंब्रज, दिनांक १६ मार्च १९७६.

मुक्ताबाई केरबा निकम, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार: नाथाजी शेडगे, दस्तलेखक, कराड.

साक्षीदार:
१. आप्पासाहेब पवार, निवृत्त शिक्षक, उंब्रज. सही.
२. राहीबाई जोतिबा माने, वय अदमासे ऐंशी, सुईण, उंब्रज. मानसिंगची नाळ हिने कापली. निशाणी अंगठा.