चौथ्या छावणीतली माणसं

४ मार्च
आज रुजू झाले! अंधेरीत सातवा मजला, खिडकीखाली मेट्रो, दारावर पाटी: रुचिरा परुळेकर, सल्लागार. कॉलेजात बंडखोरीविरुद्धच्या लढाया शिकवून कंटाळले होते. आता खऱ्या लढाईवर बोलायचं. आमचं छोटंसं कार्यालय एका मित्रदेशाच्या सैन्याला सल्ला देतं. तिथल्या डोंगरात नऊ वर्षं बंड धुमसतंय. साहेब, निवृत्त ब्रिगेडियर चंद्रप्रकाश, स्वतः चहा घेऊन आले. शेजारच्या टेबलावर पद्मजा, नाहूरची, माझ्याच वयाची. तिने डब्यातली अळूवडी पुढे केली. झकास माणसं आहेत.

१९ मार्च
पद्मजा म्हणते, गावं हलवू नका. गावातच चौक्या टाका, लोकांचा विश्वास बसू द्या. तीन वर्षं लागतील. बरोबर आहे. वर्गात मीही हेच शिकवायचे. पण तिकडचे कर्नल व्हिडिओ कॉलवर फक्त तिलाच विचारतात. मी बोलत होते तेव्हा घड्याळ बघत होते, ती बोलली तर लिहून घेतलं. साहेब तिला ‘आमची पद्मजा’ म्हणतात. मला ‘मॅडम’.

२ एप्रिल
आज मी उलटं मांडलं. डोंगरातली खेडी उठवा, लोकांना कुंपण घातलेल्या छावण्यांत ठेवा, बंडखोरांचं दाणापाणी तुटेल, सहा महिन्यांत निकाल. पद्मजा कळवळून म्हणाली, “असं कुठेच टिकलं नाहीये गं. तुला माहितेय ना!”
माहीत होतं. म्हणूनच आवाज चढवला. कर्नल लिहून घेत होते. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

११ मे
खेडी उठली. चौथ्या छावणीत पाणी खराब निघालं, कॉलरा पसरला. माणसं गेली, त्यात लहान मुलं जास्त. किती, ते कर्नलनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पद्मजा ढसाढसा रडली. साहेब तिच्यासाठी पाणी घेऊन धावले. रडतानासुद्धा सगळ्यांचं लक्ष तिच्याचकडे.

१४ मे
दुपारचा कॉल. कर्नलच्या मागे भिंतीला लागून माणसं उभी होती. हातात गाठोडी, पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. कोण आहेत, असं पद्मजाला विचारलं. तिला नुसती भिंत दिसत होती.

१६ मे
आज तीच माणसं आमच्याच बैठकीच्या खोलीत. भर दुपारी. रांगेत. त्यांची भाषा मला येत नाही, तरी कळली. एक म्हातारी अदबीने पुढे आली: तुम्ही सांगितलंत म्हणून उठलो, बाई. आता कुठे जाऊ?
पळत सुटले.

१७ मे
बोरिवलीला घरी आले तर जिन्यात तीच. ओट्यापाशी. बाल्कनीत. धमकावत नाहीत, फक्त विचारतात.

१८ मे
पद्मजाला प्रमुख केलं. पेढे वाटले. माझा हात धरून म्हणाली, सुट्टी घे, मी सांभाळते. सांभाळणार तीच. नेहमी तीच!
घरी म्हातारीने पुन्हा विचारलं. मी पद्मजाचा नाहूरचा पत्ता दिला. इमारत, मजला, दार, सगळं. मुकाट्याने गेली सगळी. गाढ झोपले.

२० मे
पद्मजा आली नाही. साहेब नाहूरला जाऊन आले. दार सताड उघडं, गॅसवर उतू गेलेलं दूध, लादीवर चिखलाची पावलं. ती नाही.

२१ मे
साहेब विचारतात, मॅडम, तुम्हाला काही बोलली होती का. काय सांगू — मीच पत्ता —

२२ मे
सकाळचे दहा. बेल वाजली. रांग पार फाटकापर्यंत. सगळ्यांत पुढे पद्मजा. अनवाणी, कडेवर कुणाचंतरी मूल. म्हातारी आता माझ्याकडे बघतही नाही. तिलाच विचारते. सगळी तिच्याच तोंडाकडे —

इथेही तीच पुढे.

नाही. मी सांगितलं, हिला रस्ता माहीत नाही, मी नेते, माझ्या मागून या. पद्मजा बाजूला सरली. मान हलवून नको नको म्हणत होती. रांग माझ्याकडे वळली. वही घेऊनच निघते. उंबरा ओलांडला नाही अजून आणि पायाखाली गार चिखल, पोटरीपर्यंत — पण मी सगळ्यांच्या पुढे, बघ पद्मजा, सगळ्यांच्या