अपील करू नये

बाबा, तुमची लाडकी जिंकली. नाचणगावहून दर रविवारी वकिली शिकायला यायची ती, तुमची ज्युनिअर. वर्धा जिल्ह्यात ऊन दरसाल वाढतंय, विहिरी होळीलाच आटतात, तरी सरकारनं हवामान कृती आराखडा केलेला नाही, तो करायला लावा, अशी याचिका घेऊन ती नागपूरला हायकोर्टात उभी राहिली. सरकारकडून मी होते. आराखडा विचाराधीन आहे, एवढंच मला सांगायचं होतं आणि प्रत्येक तारखेला मी ते सांगितलं.

शेवटच्या सुनावणीत तिनं तिच्या सीनिअरची शिकवण ऐकवली आणि न्यायमूर्ती चक्क हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते वाक्य आपल्या स्वयंपाकघरातलं आहे, बाबा. तुम्ही संत्रं सोलताय, ती ओट्याला टेकून उभी आहे, मी पोळ्या लाटतेय. मीही तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. "सरकारले काय करसान इचारू नको, कधी करसान ते इचार," असं तुम्ही तिला सांगितलंत आणि सोललेलं संत्रं तिच्या हातावर ठेवलंत. मी विचारलं, कोर्टानं मुदत घालून दिलीच नाही तर? तुम्ही वळलातही नाही. "तू पोळीकडे पाय, करपून राह्यली."

न्यायमूर्तींनी सीनिअरचं नाव विचारलं. तिनं तुमचं नाव घेतलं, वर म्हणाली, मला ते वडिलांसारखे होते. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, तिथे कोणाला काय कळणार? मी फाईल चाळत राहिले. वडील माझे, आणि भर कोर्टात ते तिचे झाले.

निकालात सरकारला आराखड्यासाठी मुदत बांधून दिली. बाहेर व्हरांड्यात ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, आज बाबा पाहिजे होते." तुम्हाला सर म्हणायची ना ती? बाबा कधीपासून झालात? मी जळले, अजून जळतेय.

मग मुंबईहून मंत्रालयातून मला विचारणा आली, सुप्रीम कोर्टात जायचं का, सरकारी वकील म्हणून मत कळवा. मी लिहिलं, अपील करू नये. ऑफिसातले म्हणाले, मॅडम शेवटी वर्ध्याच्याच निघाल्या, गावचं ऊन विसरल्या नाहीत. मी नुसती हसले. कारणं चोख दिली होती, कायद्यात बसणारी. एक तेवढं लिहिलं नाही, ते इथेच राहू दे. अपील झालं असतं, तर ती दिल्लीला गेली असती आणि तिथेही तुमचं नाव तिनंच घेतलं असतं.