सुगनचे दोन प्राण

रिसोड,
१२ ऑगस्ट १९७८

चि. सुगनचंद यास काका चंपालालचे आशीर्वाद आणि जय जिनेंद्र. आम्ही सगळे मजेत आहोत. तू आपल्या प्रकृतीबद्दल काही लिहीत नाहीस, तेव्हा तूही मजेत असशील असं आम्ही धरून चालतो (तुझी आई धरत नाही).

तिकडे विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर तळघरातल्या लढाईचा जो खेळ खेळतोस, त्याचे नियम तू हौसेने लिहून पाठवलेस. इथे कॉम्प्युटर नाही, पण कागद आणि फासे आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या गादीवर आम्ही तो मांडला. समोरचे इस्माईल घड्याळवाले राक्षसांचे फासे टाकतात, मी नकाशा काढतो आणि वीर चालवतात वहिनी, म्हणजे तुझ्या मातोश्री. वीराचं नाव त्यांनी सुगन ठेवलं. तो मेला तर आमच्या घरी चूल पेटणार नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

वीराला वीस प्राण, फासा पडेल तितका घाव, तलवारीने वार चारने वाढतो, ढालीने घाव तीनने कमी होतो, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पहिल्याच खोलीत तलवार पडलेली. वहिनींनी विचारलं, "कोणाची हाय?" इस्माईल म्हणाले, "कोणाचीच नाही भाभी, उचला." "मंग ठेवली कोणी? मालकाले इचारल्याबिगर कायले उचलू?" न दिलेली वस्तू घ्यायची नाही हे त्यांचं व्रत. त्यामुळे तलवार, ढाल, चिलखत सगळं जागच्या जागी राहिलं आणि आमचा वीर पाणी गाळायचं फडकं घेऊन राक्षसासमोर उभा राहिला (ते वहिनींनी घरून दिलं होतं). "भाभी, मारा आता, तो वार करून राह्यला." "त्यानं केला त करू द्या, भाऊ. मी कायले करू?" प्राण पाचावर आले. तळघरातल्या एका म्हातारीने औषधाची बाटली खरोखर हातात दिली होती, दहा प्राण भरून आले असते. पण तुझ्याच नियमाने दहा डावांनंतर रात्र होते आणि सूर्यास्तानंतर आमच्यात पाणीसुद्धा चालत नाही. तळघरात सूर्य दिसतो कुठे, यावर मी आणि इस्माईल इतके भांडलो की साखर घ्यायला आलेली बाई आमची समजूत घालून गेली. मग इस्माईल फासे पंजाखाली झाकून दर वेळी एकच पडला म्हणू लागले. मी पाहिलंय, सहा पडत होते.

दोन प्राण उरले तेव्हा वहिनींनी कागद गुंडाळून पेटीत ठेवला. अर्धा बाजार मला रस्त्यात थांबवून सुगनची खुशाली विचारतो. इतकी मजा या दुकानात कधी आली नव्हती.

तुझा,
चंपालालकाका

ता. क. : हे सगळं गंमत म्हणून लिहिलं. वहिनी अगदी ठणठणीत आहेत. परीक्षेनंतर इकडे यायलाच हवं असं मुळीच नाही.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. वहिनींनी वाचायला लावला आणि मला खोडायला सांगितला. खोडला असं समज. त्यांनी नियम माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. तळघरात उतरायचे नियम तू सात पानं लिहिलेस, वर घरी यायचा एकही नाही. तो त्यांना हवा आहे. पत्राने नको, स्वतः येऊन सांग.