ढगाआडचं मिसाईल आणि गुंडूकाका

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार

प्रिय बाबासोमामा,
सप्रेम जय भीम.

काल पाहुणे मला पाहायला आले होते. घडलं ते असं :

१. पाहुणे ११.१० ला आले. पाच जण.
२. ११.२५ ला मी मुलाला, म्हणजे प्रसेनजीतना, चूक ठरवलं.
३. ११.४० ला त्यांचे गुंडूकाका खुर्चीवरून उठले.
४. ११.४५ ला सगळेच उठले. पोहे उरले.

आईचा फोन तुम्हाला आला असेलच. तिच्या हकिकतीत वेळा नसतात, म्हणून हे आधी लिहिलं. (मीही फोनच केला असता, पण मी बोलताना आई शेजारी उभी असते.) तुमचा गुडघा कसा आहे? पन्हाळ्यावर थंडी वाढली असेल, पट्टा बांधत जा. मामींना जय भीम सांगा.

आता सविस्तर. आईने रीतीप्रमाणे छंद विचारले. प्रसेनजीत म्हणाले, संगणकावर लढाऊ विमानं उडवतो. तोच खेळ मीही खेळते. माझ्या बायोडेटात मात्र 'वाचन, रांगोळी' असं आहे (रांगोळी मी आठवीत असताना काढली होती). ते सांगू लागले, की गेल्या आठवड्यात त्यांनी उष्णता हुडकणारं मिसाईल दाट ढगातून सोडलं आणि ते नेमकं लागलं. मी पोह्यांची ताटली त्यांच्या हातात देत म्हणाले, "ढगातून लागणार नाही. ढगातले थेंब ते किरण अडवतात. खेळात ढग नुसता रंगवलाय." आई खोकली. त्यांनी फ्लेअरचं विचारलं, म्हणजे मिसाईलला फसवायला विमान टाकतं ते जळते गोळे. मी सांगितलं, तिथेही खेळ फासा टाकतो : एवढे गोळे, एवढे टक्के फसणार. खऱ्या मिसाईलचा डोळा जे दिसतं त्यावरून ठरवतो. जुन्या डोळ्याला नुसता प्रखर ठिपका कळतो. नव्याला चित्र दिसतं, त्यामुळे गोळा कुठला आणि विमान कुठलं हे तो बरंच ओळखतो. आई पुन्हा खोकली.

इथे थांबायला हवं होतं. पण फाउंड्रीतल्या भट्ट्या तपासायचा कंपनीचा उष्णता दाखवणारा कॅमेरा माझ्या बॅगेत होता. (तो मिसाईलचा डोळा नव्हे. किरण वेगळे, किंमत वेगळी.) मी तो काढून पाहुण्यांकडे धरला. त्यात सर्वांत गरम जागेवर लाल फुली येते. ती प्रसेनजीतच्या चहाच्या कपावर आली. बाकीचे कप आत गेले होते. मी कपासमोर काचेची ताटली उभी धरली. काच हे किरण अडवते. कप पडद्यावरून नाहीसा झाला आणि फुलीने पुढची गरम जागा धरली : गुंडूकाकांचं टक्कल. ते डावीकडे वाकले, फुली डावीकडे गेली. उजवीकडे वाकले, उजवीकडे. "पोरी, मला उडवतीस की काय!" ते ओरडले. "काका, हलू नकासा," प्रसेनजीत म्हणाले, "जरा बघू द्या की." त्यानंतर क्रमांक तीन घडला.

दारात चपला घालताना प्रसेनजीत हळूच म्हणाले, "खेळ चुकतो हे मान्य. पण खरा डोळा नेमका किती फसतो, हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक? ते आकडे गुप्त असतात. खेळानं फासा टाकला, तुम्ही अंदाज केला." मला त्यांनी पेचात पकडलं. गेल्या चार वर्षांत असं दुसऱ्यांदा झालं. (ढगाचं मात्र माझंच बरोबर आहे.)

तुम्ही हवाई दलात वीस वर्षं विमानांना मिसाईल बसवलीत आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. गुपित विचारत नाही. एवढंच सांगा, आमच्या दोघांत कोण बरोबर? स्थळाबद्दल मला फारसं काही वाटत नाही. नकार आला तर आला.

तुमची,
शिवानी

ता. क. : कोण बरोबर ते नाही सांगितलंत तरी चालेल. स्थळ तुम्ही सुचवलंत आणि गुंडूकाका तुमचे जुने मित्र आहेत, तेव्हा त्यांची माझ्या वतीने माफी मागा. फुली कुणाच्याही टकलावर गेली असती, हेही सांगा. नको, हे सांगू नका.

आणखी एक : वर 'फारसं काही वाटत नाही' असं लिहिलं आहे, ते चूक आहे. माझा होकार आहे. येत्या रविवारी ते लोक शिरोळला दुसरी मुलगी पाहायला जाणार आहेत. त्याआधी हे प्रसेनजीतच्या कानावर घाला, आणि ते काय म्हणाले ते मला शनिवारपर्यंत कळवा.