आधी मी घेऊन बघतो

४ जानेवारी
हिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. केस परत आले. आता पुढची सूत्रं माझ्या हातात. आज दुकानात दुरुस्तीला एकच घड्याळ, म्हणून निवांत व्हिडिओ पाहिले. आयोडीन घेतलं की कॅन्सर परत येत नाही! डॉक्टर कशाला सांगतील? थेंबांची बाटली मागवली.

९ जानेवारी
हिच्या डॉक्टरांना फोन. म्हणे, आधी थायरॉइड तपासा. आयोडीन कमी असेल तरच द्यायचं, मिठातून मिळतंच, जास्त झालं तर उलटतं, आणि त्याने कॅन्सर परत येत नाही असं काही सिद्ध झालेलं नाही. एका प्रश्नाला चार उत्तरं, म्हणजे त्यांनाच माहीत नाही. ही म्हणाली, अहो, मी नाही घेणार. ठीक आहे. आधी मी घेऊन बघतो. मला मानवलं की पटेल हिला. माझ्या गळ्यावर जुनी सूज आहे खरी, पण विषय हिचा चाललाय.

२० जानेवारी
पाच थेंबांनी काहीच फरक नाही. उद्यापासून दहा.

१२ फेब्रुवारी
कमाल! पहाटेच जाग येते. पँट सैल. भूक तर विचारू नका. ही म्हणाली, तुमचे डोळे कसेतरीच दिसतात. तेज म्हणतात त्याला!

२३ फेब्रुवारी
स्क्रू चिमट्यात टिकेना. शेवटी पडला तो सापडलाच नाही. चिमटा जुना झालाय, नवा घ्यायचा. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, तुमचा हात थरथरतोय. त्याने आधी स्वतःचा नंबर तपासावा.

२ मार्च
ही भाजी चिरता चिरता म्हणाली, टाक्यांच्या व्रणाखाली बारीक कडक काहीतरी लागतंय, आठ तारखेला तपासणी आहेच, तेव्हा दाखवू. मी लगेच म्हटलं, काही नसतं ते. आता मात्र घाई हवी. आठ तारखेच्या आत प्रयोग पुरा करायचा. वीस थेंब.

७ मार्च
झोप नाही. छातीतलं घड्याळ फारच पुढे पळतंय. काळजीने होणारच. उद्या रिक्षा, फाईल, रांग, सगळं मी बघणार. हिने फक्त यायचं. निश्चय म्हणजे निश्चय.

९ मार्च
हॉस्पिटल. पलंग माझा. काल निघताना जिन्यातच कोसळलो. थायरॉइड भडकलाय म्हणे, ठोक्यांचा ताळमेळ नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आयोडीन कोणी घ्यायला सांगितलं? मी झोपेचं सोंग घेतलं.

ही कालपासून स्टुलावर बसून आहे. हात सारखा टाक्यांकडे जातो. मी बघतोय असं दिसलं की स्वेटरचं बटण लावते. हिची तपासणी राहिलीच. मी चिडलो, गेली का नाहीस म्हणून. म्हणाली, तुम्हाला असं टाकून जाऊ? आता पुढच्या महिन्याच्या अखेरची तारीख मिळाली आहे, आधीची एकही रिकामी नाही.

भीती वाटते. माझ्यासाठी नाही.

शेवटी विचारलं, अजून लागतं का गं ते कडक? ही माझं पांघरूण सारखं करत म्हणाली, काही नसतं ते, तुम्हीच म्हणालात ना.