काकाच्या आवाजातला फोन

वरसे, रोहा
१२ जानेवारी २०२६, सोमवार

ती. दिनाकाका,
सा. न. वि. वि. (ह्या चार अक्षरांत काय काय भरलंय ते बाईंनी शिकवलेलं, मी विसरलो. नमस्कार नक्की हाय.)

उद्या अनिताकाकी पेणला तुझ्याकडं येतेय, तिच्या पिशवीत हे कोंबतोय. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून तुला बोलता येत नाय, फोनचा काय उपयोग. मोबाईलवर टाइप करायला तुझं बोट एकदम तीन अक्षरं दाबतं. मागं तू 'पाणी' मागायला गेलास नि काकीला 'राणी' गेलं. ती अजून लाजतेय. त्यापेक्षा कागद बरा.

तुला त्या सेंटरला ठेवलं तेव्हा वरशात सगळ्यांनी तोंडं पाडली, की तिथनं माणूस घरी येत नाय. काकी मात्र बोलते, घरी रातभर कण्हायचा, तिथं पहिल्याच दिवशी गाढ झोपला.

कबड्डीच्या मॅची झाल्या. माईकवर तुझ्या जागी प्रदीप होता. त्यानं पाऊण तास बाहेर बसलेल्या गड्याचंच नाव घेतलं. लोकं मला बोलली, तू काढ ना काकाचा आवाज, हुबेहूब काढतोस. मी नाय काढला.

यायचं हाय, पण कंपनीत शिफ्ट अशी लागते की जमत नाय. लोभ हाय तेवढा ठेव, वाढवलास तर तुझी मर्जी.

तुझा साईराज

पेण
१६ जानेवारी

चि. साईराज,
अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिळून.

पत्र वाचून हसलो. हसलं की गाल ओढतो, तेव्हा जरा बेतानं लिहीत जा.

इथं बरा करतो असं कोणी बोलत नाय. पहिल्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. मी पाटीवर लिहिलं, आडवं झोपायचंय. आता दर चार तासांनी नम्रता सिस्टर नळीतून औषध देते, दुखायला लागायच्या आधीच. बाजूच्या खाटेवर कासूचा काळुराम हाय. दिवसभर बोलतो. माझ्यासारखा शेजारी त्याला जन्मात मिळाला नाय, मध्ये तोंड घालत नाय.

जखमेत पावडर भरतात, त्यानं वास गेला. हे मुद्दाम लिहितोय.

सगळे येऊन गेले, एक शकू नाय. तिचं निडी गाव काय लांब हाय? सख्खी बहीण, तीन भाऊबीजा फिरकली नाय. अनितानं रागानं तिच्याशी बोलणं टाकलं, मी पण मनाला लावून घेतलं. पण इथं पडल्या पडल्या उमगलं. पहिल्या वेळी ती आली नाय तेव्हाच माझ्या तोंडात जखम होती, मी लपवत होतो. तिला आधीच वास आला असणार. किळस येते माणसाला, तिचा दोष नाय. माझा मलाच सोसत नव्हता. आता वास नाय हे तिला कळावं असं फार वाटतं. पण तू सांगायला जाऊ नको. बळेच आणलेलं माणूस नको.

तुझी शिफ्ट कंपनीच्या मालकाला तरी ठाऊक हाय का?

लोभ शिल्लक हाय.
दिनानाथ

वरसे
१९ जानेवारी

ती. काका,
नमस्कार लिहायचं तोंड नाय, तरी लिहितो.

शकूआत्याला तुझी किळस नाय आली. ते मी केलंय.

२०२३ ची दिवाळी. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तुझा मोबाईल मी गाणी भरायला घेतलेला. पोरांबरोबर पुलावर बसलो होतो. पोरं बोलली, काढ काकाचा आवाज. मी तुझ्या फोनवरनं आत्याला लावला नि तुझ्या आवाजात बोल्लो, "शके, उद्या ताट घेऊन ओवाळणी गोळा करायला येऊ नको. दर वर्षी तेच."

मला वाटलं ती शिव्या घालेल, मग मी खरं सांगेन, हसू. ती नुसतं "बरं, दादा" बोलली नि फोन ठेवला. पोरं हसली. मी पण हसलो. ती एकटी राहते, दुसऱ्यांच्या शेतावर राबते, तिला ते कुठं लागलं असेल हे माझ्या डोक्यात पण नाय आलं.

दुसऱ्या दिवशी तू अंघोळ करून पाटावर बसलास. दुपार झाली तरी उठला नायस. काकी जेव बोलली तर बोललास, येईल ती, गाडी चुकली असेल. मी समोर बसून चिवडा खात होतो. तेव्हाच सांगितलं असतं तर तासाभरात तिला गाडीवर घेऊन आलो असतो. नाय सांगितलं. वाटलं, कळेल आपोआप. मग तुझं दुखणं निघालं, नि आता सांगायची वेळ गेली असं मीच माझं ठरवलं.

शिफ्ट पण खोटी हाय. सकाळची हाय, दोनला सुटतो. तुझ्या खाटेजवळ उभं राहवणार नाय म्हणून येत नाय.

लोभ ठेव असं लिहीत नाय.
साईराज

पेण
२७ जानेवारी

साईराज,

शुक्रवारी अनिता मोकळ्या हातानं गेली, कारण मी लिहिलंच नाय. तीन भाऊबीजा मी शकूला दोष दिला, नि इथं येऊन माझ्याच तोंडाला शिव्या घातल्या.

मला सांगितलंस. त्यात शकूला काय मिळालं? निडीला जा. फोन नको, समोर जा. माझा आवाज काढू नको. तुझा वापर.

दिनानाथ

वरसे
१ फेब्रुवारी, रविवार

ती. काका,
नमस्कार. आज जाऊन आलो.

आत्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. बस बोलली नाय, जा पण बोलली नाय. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, माझ्या आवाजात. तिला पटेना. दादाचा फोन होता, दादाचा आवाज होता, आणि मला शके म्हणणारा तो एकटाच, असं बोलली. मी आईची शप्पत घेतली तरी नाय. तू काकाला वाचवायला आलायस, बोलली.

मग काका, तुझा शब्द मोडला. एकदाच. "शके" एवढंच बोल्लो.

तिनं मान वर केली नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. शेंगा सोलता सोलताच बोलली, मी तेव्हाच येऊन दादाला विचारायला पाहिजे होतं, माझा मान आडवा आला. दुखणं कळलं तेव्हा दोनदा स्टेशनपर्यंत आली नि परत फिरली, ज्यानं नको म्हटलं त्याच्या दारात कसं जायचं म्हणून. मग विचारलं, आता दादा कसा बोलतो. मी सांगितलं, बोलत नाय. पाटीवर लिहितो.

"म्हणजे दादाचा आवाज आता फक्त तुझ्याकडं हाय," असं बोलली.

काका, मला जमिनीत जावंसं वाटलं.

बुधवारी तिला पेणला आणतो. मी गेटपर्यंतच येईन.
साईराज

पेण
६ फेब्रुवारी

चि. साईराज,
आशीर्वाद.

शकू आली. खाटेशी आली नि पदर तोंडावर घेऊन उभीच. मला वाटलं, वास. नाय, रडत होती. मग पिशवीतनं ताट काढलं. नम्रता सिस्टर धावत आली, ऑक्सिजनजवळ निरांजन लावायचं नाय. मग शकूनं मोबाईलची बॅटरी लावली नि त्यानं ओवाळलं. काळुराम दोन मिनिटं गप्प होता, इथल्या सगळ्यांनी दखल घेतली. अनिता नि ती अजून एकमेकींकडं नीट बघत नायत, पण चहा एकीनं केला नि दुसरीनं घेतला. आता शकू रोज येते. माझ्या पाटीवर मी लिहिलेलं पुसायच्या आधी दोनदा वाचते.

ती तुझ्यावर रागावलेली नाय. मी हाय. खोटं कशाला लिहू. बरं वाटायला लागलं की तो पाट आठवतो. तीन भाऊबीजा कुठनं आणणार तू? माझ्याकडं आता महिने पण मोजके हायत.

बुधवारी सिस्टरनं मला खिडकीशी नेलं. तू गेटबाहेर मान खाली घालून उभा होतास, दोन तास. पाणी पण प्यायला नायस.

रविवारी आत ये. पुष्कळ राग बाकी हाय नि तो लिहून लिहून हात दुखतो. समोर बस, डोळ्यांनी रागावतो.

तुझा काका
दिनानाथ